बरणी, बाटली आणि मोसंबी

भाद्रपद संपून आश्विनाचे कोरडे ऊन पडू लागले आणि अंबिया बहाराच्या मोसंबीने आपला गर्द हिरवा रंग सोडून पिवळसर झाक धरली, म्हणजे अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांतील बागांतून जी लगबग सुरू होते ती ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला विपुलता आणि विवंचना ही दोन फळे एकाच झाडाला कशी लागतात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ज्याने बाग गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, दिली आहे तो गुत्तेदाराची वाट पाहत असतो. ज्याने दिलेली नाही तो जालन्याच्या किंवा पाचोडच्या बाजारातील भावाची चौकशी करीत असतो. आणि भाव कोसळला म्हणजे दोघांच्याही कपाळावरच्या आठ्या सारख्याच दिसतात. या सगळ्या उलाढालीत घरच्या बाईच्या वाट्याला येते ते प्रतवारीतून बाजूस काढलेले फळ : आकाराने लहान, सालीवर डाग पडलेले, पण आत तितकेच रसाळ. शेजारीपाजारी वाटून झाले, पाहुण्यांच्या पिशवीत घालून झाले, दोन्ही वेळा रस काढून झाला, तरी ओसरीवरचा ढीग काही सरत नाही. आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच ढिगाच्या तळाशी हिरवी-निळी बुरशी आपला अंमल बसवू लागते.

मराठवाड्याचे हे फळ मूळचे येथले नव्हे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिक या प्रदेशाचे नाव आपल्या लोकांच्या तोंडी घोळत घोळत मोसंबी झाले, आणि आज त्याच फळाला जालन्याचे म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे परक्या मुलुखातून आलेल्याने येथे नुसते घरच केले नाही, तर गावच्या दफ्तरी नावही लावून घेतले. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे, बागांतून न्यूसेलर ही जात रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळे बांधून वाढविलेली दिसते, आणि बाग जगविण्यासाठी शेतकरी काय करू शकतो याचे दर्शन २०१२-१३च्या अवर्षणात घडले, जेव्हा विकतच्या टँकरचे पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतले जात होते आणि तेवढेही न परवडणाऱ्यांना वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागत होती. ज्या फळासाठी माणसे इतके सोसतात, ते हंगामानंतर चार-सहा महिने घरात टिकवून ठेवण्याची विद्या त्याच घरांत सहसा नसावी, याचे मला पुष्कळ दिवस नवल वाटत असे. पुढे स्वतः खटाटोप केल्यावर कारण उमगले. आपल्या घरांत फळ टिकविण्याची विद्या नाही असे नव्हे. जी आहे ती बरणीची आहे, आणि मोसंबी हे बरणीचे फळ नव्हे.

बरणीची विद्या फार जुनी आणि आपल्या परीने परिपूर्ण आहे. मुरांबा, साखरांबा, गुळांबा, मोरावळा, लोणचे, यांपैकी कोणताही पदार्थ घेतला तरी त्यातील रक्षणकर्ता साखर, गूळ, मीठ किंवा तेल हाच असतो. पाकात साखरेचे प्रमाण शेकडा ६५च्या वर गेले म्हणजे बुरशी आणि किण्व यांना जगण्यास लागणारे पाणीच त्यात मोकळे उरत नाही; पाणी डोळ्यांना दिसते, पण साखरेने ते बांधून ठेवलेले असते. म्हणूनच चिनीमातीच्या बरणीला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला तरी पुरते. हवा आत गेली म्हणून मुरांब्याचे काही बिघडत नाही. परंतु या संरक्षणाची किंमत अशी की फळ फळ राहत नाही. कैरीचा साखरांबा हा उत्तम पदार्थ आहे, पण त्याला कोणी ताजी कैरी म्हणत नाही. मोसंबीसारख्या सौम्य, पाणीदार फळाला इतक्या साखरेत बुडविले की त्याचा स्वादच हरवतो, आणि मागे उरतो तो साखरेला लागलेला किंचित कडवटपणा.

माझी पहिली फजिती याच भेदाच्या अज्ञानातून झाली. एका कार्तिकात मी मोसंबीच्या फोडी पातळ पाकात उकळून काचेच्या बाटल्यांत भरल्या, साखर आरोग्यास बरी नाही म्हणून ती निम्म्याने कमी केली, आणि मुरांब्याच्या शिरस्त्याप्रमाणे वर दादरा बांधून त्या कपाटात ठेवून दिल्या. पंधरा दिवसांत पाक फसफसू लागला, फोडी वर तरंगल्या, आणि कपाट उघडताच ताडीच्या दुकानाचा वास आला. अंबडकडच्या माझ्या मावशीला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "साखर कमी केली, मंग राखणीला कोण ठेवलं?" विज्ञानाचा विद्यार्थी म्हणविणाऱ्या मला याहून नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही.

साखरेला राखणीवरून काढावयाचे तर तिच्या जागी कोणाला नेमावे, या प्रश्नाचे उत्तर पॅरिसमधील निकोला अपेर या मिठाईवाल्याने शोधून काढले. फ्रेंच सरकारला आपल्या सैन्य व आरमारासाठी टिकाऊ अन्न हवे होते. अपेरने जाड काचेच्या बाटल्यांत फळे, भाज्या, मांस भरून, बुचे घट्ट ठोकून ती तारेने आवळून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठराविक वेळ ठेवण्याची पद्धत अनेक वर्षांच्या प्रयोगांती सिद्ध केली, आणि १८१०मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याच्या अटीवर त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरांड याने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले, आणि डबाबंदीचा धंदा काचेकडून टिनाकडे वळला. यात मौजेची गोष्ट अशी की आपली कृती यशस्वी का होते हे अपेरला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असल्याचा दावा होता त्यांचे म्हणणे चुकीचे होते. गे-ल्युसॅकसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने सारा दोष हवेतील प्राणवायूवर टाकला. अन्न नासविणारे सूक्ष्म जीव असतात आणि उष्णतेने ते मरतात, ही गोष्ट पाश्चरने सिद्ध करीपर्यंत अर्धे शतक उलटून गेले होते. कृती आधी आणि कारण मागाहून, हा क्रम स्वयंपाकघराला नवा नाही.

तेव्हा बाटलीतील बंदोबस्त दुहेरी आहे : उष्णतेने आतल्यांची हकालपट्टी, आणि हवाबंद झाकणाने बाहेरच्यांची नाकेबंदी. दोहोंपैकी एक ढिला पडला तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही. साखर येथे राखणदार नसून केवळ पाहुणी आहे; फळ नुसत्या पाण्यात भरले तरी ते टिकते, पाक घालावयाचा तो रंग, आकार आणि गोडी राखण्यासाठी. हे टिकविणे बियाणे जपण्याहून किती निराळे आहे ते येथे चटकन ध्यानात येते, कारण जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी येथेच स्थापन केली. बियाणे कोरडे करून जपावयाचे ते पुढे उगवावे म्हणून. त्यातील जीव झोपलेला असतो, मेलेला नसतो. बाटलीतील फळाचे बरोबर उलट आहे. त्यातील सारा सजीव व्यवहार, सूक्ष्म जीवांचा तसाच फळाच्या अंगच्या विकरांचाही, कायमचा थांबवावा लागतो, तेव्हा कोठे त्याचे रूप आणि रुची शिल्लक राहते.

परंतु उष्णतेच्या अधिकारालाही एक सरहद्द आहे, आणि ती ओळखल्यावाचून कोणीही बाटलीला हात लावू नये. मातीत सर्वत्र आढळणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू आपल्याभोवती असे कठीण कवच निर्माण करतो की उकळत्या पाण्यात तासन् तास ठेवूनही त्याचे बीजाणू जिवंत राहतात. आणि हवा नसलेली जागा, म्हणजे आपण कष्टाने सिद्ध केलेली बंद बाटली, ही तर त्याची आवडती वसाहत. १८९५मध्ये बेल्जममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीस वाद्ये वाजविण्यासाठी आलेल्या वादकांनी डुकराचे खारवलेले मांस खाल्ले, त्यांतील तिघे दगावले, आणि त्या मांसातून जंतुशास्त्रज्ञ व्हान एरमेंजेम याने हा जंतू वेगळा करून दाखविला. याचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईल असा भरवसा नसतो. सुदैवाने त्याला आंबट वस्ती मानवत नाही. पदार्थाचा सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर त्याचे बीजाणू उगवत नाहीत. म्हणून आंबट फळे साध्या उकळत्या पाण्यात बंद करता येतात, आणि आम्लता कमी असलेले पदार्थ, म्हणजे भाज्या, कडधान्ये, मांस, यांना दाबाखालची सुमारे १२१ अंशांची उष्णता लागते. आमच्याकडे घरोघर प्रेशर कुकर आहे, मग त्यात का करू नये, असे पुष्कळदा विचारले जाते. घरगुती कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, आणि शिट्टी हे काही दाबाचे माप नव्हे; वरण शिजविण्यास ती पुरते, हवाबंद भाजीच्या निर्धोकपणाची ग्वाही ती देऊ शकत नाही. घरी बंद करावयाची ती आंबट फळेच.

या कसोटीवर जालना जिल्ह्यातील फळांची रुजवात घातली तर निकाल अनपेक्षित लागतो. द्राक्ष बिनतक्रार उत्तीर्ण होते. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामांनी आणि शेततळ्यांच्या पाण्यावर उभ्या केलेल्या द्राक्षबागांनी नावारूपास आले. तेथल्यासारखी बिनबियांची द्राक्षे देठ काढून, अर्ध्या लिटरच्या बाटलीत कच्चीच भरून, वर उकळता पातळ पाक ओतून बंद करता येतात. पिकलेला आंबा मात्र फसवा आहे. केसर असो वा गावरान, पिकत जाताना त्याची आम्लता इतकी उतरते की लिंबाच्या रसाची साथ दिल्याखेरीज त्याच्यावर विसंबू नये. पपई तर आम्लतेच्या बाबतीत जवळजवळ भाजीच्याच पंक्तीला बसते. आणि सीताफळ, ज्याच्या झाडांनी मराठवाड्यातील माळ आणि टेकड्या भरून गेल्या आहेत, ते या विद्येला सर्वस्वी अवश आहे : आम्लता कमी हे एक, आणि गर तापविला की तो गुलाबी पडून कडू होतो हे दुसरे. सीताफळाचा गर गोठवून ठेवतात तो याचमुळे. ज्याला गोठविण्याची सोय नाही त्याने सीताफळ झाडाखालीच खावे.

आता मोसंबी. तिच्यात दोन खोड्या आहेत. पहिली अशी की संत्रे, लिंबू यांच्या मानाने ती कमी आंबट. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत एक मोठा चमचा लिंबाचा रस, किंवा त्याहून भरवशाचे म्हणजे पाव चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालणे मी आवश्यक समजतो. दुसरी खोडी अधिक प्रसिद्ध आहे. सकाळी काढलेला मोसंबीचा रस दुपारपर्यंत ठेवला की कडू लागतो, हा प्रत्येक घरचा अनुभव. आणि त्याचे खापर पुष्कळदा भांड्यावर किंवा फळवाल्यावर फुटते. वास्तविक अपराधी लिमोनिन नावाचे द्रव्य. अखंड फळात ते कडू नसतेच. त्याचे बेचव पूर्वरूप बियांत आणि फोडीभोवतीच्या पांढऱ्या पापुद्र्यांत निवांत असते. फळ चिरडले, पापुद्रा फाटला आणि त्याची रसातील आम्लाशी गाठ पडली, की हळूहळू त्याचे लिमोनिन बनते. तापविल्याने हे रूपांतर अधिकच वेगाने होते. म्हणजे ज्या उष्णतेवाचून फळ टिकत नाही तीच उष्णता फळाला कडू करते. जिल्ह्याचे मुख्य फळ आणि टिकविण्याची मुख्य रीत यांचे असे जन्माचे वैर आहे, आणि माझ्या मते आमच्याकडील घरांतून मोसंबीच्या बाटल्या दिसत नाहीत त्याचे खरे कारण आळस नसून हे वैर आहे.

तडजोड मात्र करता येते, आणि ती सगळी सुरीच्या हाती आहे. फळ पूर्ण पिकलेले घ्यावे, कारण पिकत जाताना हे पूर्वरूप घटत जाते. हंगामाच्या आरंभी घाईने तोडलेले हिरवे फळ बाटलीच्या कामाचे नाही. मोसंबीची साल संत्र्यासारखी सैल नसते, म्हणून फळे दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात सोडून लगेच गार पाण्यात टाकावी, म्हणजे सालीबरोबर पांढरा भागही पुष्कळसा निघून येतो. उरलेला सुरीने तासून काढावा. मग दोन पापुद्र्यांच्या मधोमध सुरी घालून नुसता गराचा तुकडा सोडवून घ्यावा, बिया काढाव्या, आणि पापुद्र्यांचा चोथा पिळण्याचा मोह आवरावा. तो रस गुरांना किंवा खताच्या खड्ड्याला द्यावा, बाटलीला नको. मोठमोठ्या कारखान्यांतून संत्र्याच्या फोडींचे पापुद्रे सौम्य कॉस्टिक सोड्यात बुडवून काढतात. घरी त्या वाटेला जाऊ नये. शेरभर फोडी सोडविण्यास एका माणसाची सकाळ जाते हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून मला कोणी बोल लावणार नाही. दोघी-तिघी जमल्या तर काम हलके होते. आमच्याकडे ते नेहमी ओसरीवर, गप्पांच्या जोडीने चालते.

पाक हलकाच हवा : लिटरभर पाण्याला पाव किलो साखर पुरे. बाटल्या तडा न गेलेल्या, कडा न उडालेल्या, गरम पाण्यात ठेवून तापलेल्या असाव्यात. थंड काचेत उकळता पाक ओतला तर ती तडकते, आणि काचेच्या बारीक कणांनी भरलेली सारी फळे फेकून द्यावी लागतात. फोडी भरून त्यावर पाक ओतताना वर सुमारे सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, चमच्याच्या दांड्याने अडकलेले बुडबुडे काढावे, बाटलीची कड ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावी, कारण तेथे चिकटलेला गराचा एक धागाही झाकण नीट बसू देत नाही. झाकण दर वेळी नवे घ्यावे. काटकसरी घरांना हे पटत नाही, पण झाकणाच्या आतील रबरी थर एकदाच नीट बसतो, दुसऱ्यांदा नुसता बसल्याचे सोंग करतो. झाकण बोटांच्या जोराने फिरेल इतकेच आवळावे, म्हणजे तापताना आतली हवा बाहेर पडू शकते. पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून बाटल्या उभ्या कराव्या, त्यांच्या माथ्यावर निदान अडीच सेंटिमीटर पाणी राहील असे पाहावे, आणि पाण्याला सणसणीत उकळी आल्यानंतरच वेळ मोजण्यास आरंभ करावा.

वेळ किती, याच्या उत्तरात जालन्याचा भूगोल येऊन बसतो. पाश्चात्त्य पुस्तकांतून संत्र्याच्या फोडींना १० मिनिटे सांगितलेली असतात, ती समुद्रकाठच्या माणसांसाठी. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटर चढले की पाणी एकेक अंश आधी उकळते, आणि आपल्याकडे ते ९८ अंशांच्या थोडेसे वर उकळू लागते. दीड-दोन अंशांची ही उणीव भातवरणाला जाणवत नाही, बाटलीला जाणवते. म्हणून येथे १० मिनिटांच्या जागी १५ धरावी, आणि कच्च्या भरलेल्या द्राक्षांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीस १५ऐवजी २०. कोकणातील बहिणीची कृती जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्या बायकांनी हे ध्यानात ठेवावे. तिच्या रत्नागिरीत 'कॅनिंग' हा शब्द मराठी होऊन गेला आहे. पेटीत न बसणारा आंबा 'कॅनिंगला' जातो असे तेथे आंबा विकणारा प्रत्येक जण सहज म्हणतो. नागपूरच्या संत्रे बागाईतदारांच्या संघाने आपल्या टिकाऊ फळपदार्थांचे 'नोगा' हे नाव घरोघर नेले. मोसंबीच्या वाट्याला असा शब्दही आला नाही आणि असे नावही.

वेळ पुरी झाली की बाटल्या सांडशीने उचलून फडक्यावर, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवाव्या आणि त्यांना दिवसभर हात लावू नये. निवताना आतील वाफेचे पाणी होते, पोकळी निर्माण होते, आणि झाकण 'टक्' असा आवाज करून मध्यभागी खाली बसते. आमच्या घरी मुले हे आवाज मोजत बसत, आणि सहा बाटल्यांचे पाचच आवाज झाले तर सहावी कोणती याचा शोध घेत. ती सहावी बाटली ठेवावयाची नाही. दोन दिवसांत खाऊन टाकावयाची. पुढे महिन्यांनी जिचे झाकण फुगलेले दिसेल, जिच्यातून उघडताना पाक उसळेल, ती मात्र चाखूनही पाहावयाची नाही. ती जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी खोल पुरावी.

उरला प्रश्न ठेवण्याचा. वैशाखात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत उत्तम बंद झालेल्या बाटलीतील फळही काळवंडते व मऊ पडते. या बाबतीत जुने माळवदाचे घर नव्या घराहून सरस ठरते. त्याच्या हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर ऊन आत येऊ देत नाहीत. आणि पूर्वी ज्वारी साठविण्याचे जे बळद असे, ते अंधारे, कोरडे, थंड, जणू बाटल्यांसाठीच बांधलेले. मावशीचे बळद ज्वारीने भरण्याचे दिवस गेले; त्यात आता खालच्या बाजूला गव्हाच्या कोठ्या आणि वर फळीवर बाटल्या असतात. मृग बहाराचे फळ फाल्गुन-चैत्रात येऊन गेले की पुढे श्रावण सरेपर्यंत बागेत खाण्याजोगे फळ नसते, आणि त्याच चार महिन्यांत या बाटल्या एकेक करून खाली उतरतात.

प्रत्येकीच्या पोटावर मावशीने कागदाची पट्टी चिकटविलेली असते. इंग्रजी तारीख तिच्या कामाची नाही. पट्टीवर बहार, तिथी आणि मिनिटे एवढाच मजकूर असतो : 'अंबिया. कार्तिक वद्य पंचमी. १५.' आणि ज्या खेपेला टक् आवाजांची गणती पुरी भरली असेल, त्या खेपेच्या पट्टीवर कोपऱ्यात एक बारीकसे स्वस्तिक.